नावेतल्या बिऱ्हाडाची बॅटरी

त्या संध्याकाळी उद्धवरावांनी बटण खाली केलं, आणि दिवा लागला आहे की नाही हे पाहायला त्यांना काडी ओढावी लागली. लागला होता. काचेच्या आत एक तांबूस तार तेवढी दिसत होती, विडीच्या टोकासारखी.

"अहो, हा दिवा आहे की दिव्याची आठवण?" शेगडीपाशी बसलेल्या कौशल्याबाई म्हणाल्या.

उद्धवरावांना हे फार लागलं. साल पंचावन्न. चिंचवडहून ताथवड्याकडे जाणारी वाट तेव्हा ज्वारीतून आणि बाभळींतून जायची. दिवस मावळला की काठावरच्या घरांतून कंदील मिणमिणायचे, आणि कंदिलाचं तेल संपायच्या आत लोक झोपून जायचे. त्या अख्ख्या काठावर विजेचा दिवा असलेलं बिऱ्हाड एकच होतं, आणि ते पवनेच्या डोहात तरंगत होतं. ते उद्धवरावांचं.

त्याचं असं झालं होतं. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते आणि माणसं नोकऱ्यांना येत होती. खोल्या मात्र कुणी उभ्या केल्या नव्हत्या. उद्धवराव एका कारखान्याच्या हजेरी खात्यात कारकून म्हणून लागले आणि खोली शोधायला निघाले. एक खोली मिळत होती, पण तिच्यात आधीच म्हैस राहत होती, आणि मालक म्हशीला ऊठ म्हणायला तयार नव्हता. तेवढ्यात देहूरोडला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव निघाला. उद्धवराव कॉट घ्यायला गेले आणि बोट घेऊन आले. हे कसं झालं ते त्यांनी कधीच नीट सांगितलं नाही. "मी कॉटच म्हणालो होतो," एवढंच म्हणत.

बोट सपाट बुडाची, लोखंडी. वर लाकडी फळ्यांची खोली. खोलीत चार दिवे, आणि मागच्या पेटीत त्या दिव्यांना वीज पुरवणाऱ्या दोन मोठ्या, काळ्या, ट्रकच्या बॅटऱ्या. आठवड्यातून एकदा त्या कोंडाजीच्या बैलगाडीतून हमरस्त्यावरच्या गॅरेजात जायच्या आणि भरून परत यायच्या. कोंडाजी म्हणजे काठावरच्या जमिनीचा मालक. त्याच्याच करंजाच्या झाडाला बोट बांधलेली असायची. वास्तविक उद्धवराव बीडकडचे. त्यांच्या गावी पाणी दिसलं की लोक आधी त्याला हंडा लावत. पाण्यावर राहायला जावं असं तिथे कुणाच्या स्वप्नातही येत नसे. पण नवराबायकोंना ते बिऱ्हाड आवडलं. रात्री पाणी बुडाला चुबुक चुबुक करायचं, पलीकडच्या शेतांवरून आगगाडीची शिट्टी यायची. पुढे कित्येक वर्षांनी त्यांना चांगली पक्की क्वार्टर मिळाली, तेव्हा पहिले काही दिवस कौशल्याबाईंना झोपच आली नाही. जमीन हलत नव्हती ना!

पण ते पुढचं. सध्या प्रश्न होता तो सासऱ्यांचा.

कौशल्याबाईंना सातवा लागला होता. त्यांचे वडील अर्जुनराव त्यांना बाळंतपणाला न्यायला पुढच्या रविवारी यायचे होते. अर्जुनराव म्हणजे गावचं मोठं प्रस्थ. लेक पाण्यावर राहते हे कळल्यापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. उन्हाळ्यात उद्धवराव गावी गेले असताना त्यांनी जावयाला चारचौघांत विचारलं होतं, "माझ्या लेकीला तुमी पान्यावर ठिवलंय म्हणं?" तेव्हा उद्धवराव ताठ बसून म्हणाले होते, "आमच्याकडे इलेक्ट्रिक आहे." त्यांच्या त्या मुलखात वीज ढगात तेवढी असायची. अर्जुनरावांनी सावकाश पान जमवलं, तोंडात टाकलं आणि म्हणाले, "दिवे बघतो. मग ठरवतो."

काय ठरवणार, ते कुणाला विचारायची गरज नव्हती. दिवे पसंत पडले तर लेक बाळासकट परत येणार. नाही पडले, तर जावई भिंतींचं घर बघेपर्यंत लेक आणि बाळ बीडला. आणि भिंतींचं घर तर म्हशीला मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी उद्धवरावांनी रंगरावांना बोलावलं. रंगराव त्यांच्याच कारखान्यात भांडार खात्यात होते. लढाईच्या काळात ते लष्करात होते. तिथे त्यांनी नेमकं काय केलं यावर कारखान्यात दोन मतं होती. त्यांचं स्वतःचं मत असं, की लढाई त्यांच्यामुळे आटोपली. ते आले, त्यांनी बॅटरीकडे नाडीपरीक्षेला बसल्यासारखं पाहिलं आणि तारा जोडतात त्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी बोटाने दाखवली.

"हे बघा. मिलिटरीत असताना आम्ही याला चिंच लावायचो. चिंचेनं घासा, लख्ख होईल."

घरातली चिंच त्या दिवसांत कौशल्याबाईंना स्वतःलाच पुरत नव्हती. चिंचेचा गोळा बॅटरीला चोळायला निघालेला पाहून त्यांनी नवऱ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की उद्धवरावांनी अर्धाच उचलला. टोकं लख्ख झाली. दिवा होता तसाच राहिला. आणि कौशल्याबाई दोन दिवस फक्त कामापुरतं बोलल्या.

मग कोंडाजीची म्हातारी आई, गोजाबाई, फळीवरून हळूहळू आत आली. तिने पेटीत वाकून बघितलं.

"गार लागतंय की हे! पान्यावरला गारठा बाधला आसंल. गोधडी घाला त्याला."

"आजी, ते यंत्र आहे."

"मंग यंत्राला थंडी वाजत न्हाई व्हय?"

म्हातारीने तर स्वतःची गोधडी आणूनही दिली. नाही कसं म्हणणार? दोन दिवसांनी उद्धवरावांनी गोधडी उचलली, तेव्हा वरचा अर्धा भाग त्यांच्या हातात आला आणि खालचा अर्धा पेटीतच राहिला. बॅटरीतल्या तेजाबाने तो खाल्ला होता. उरलेली अर्धी गोधडी घेऊन उद्धवराव गोजाबाईकडे गेले तेव्हा ती पुष्कळ वेळ गोधडीकडे आणि मग त्यांच्याकडे बघत राहिली. "भूक चांगली हाय म्हंजी," ती म्हणाली. "मरत न्हाई ते येवढ्यात."

कोंडाजीचं म्हणणं निराळं होतं. "बैल दमला की आमी जू काढून मोकळा सोडतो. तसं ह्यांनाबी सोडा की राव उन्हाला." म्हणून एक अख्खा दिवस दोन्ही बॅटऱ्या काठावर उन्हात बसल्या होत्या आणि कोंडाजीची कुत्री त्यांच्यावर भुंकत होती.

शेवटी रंगरावांनी बॅटरीची झाकणं उघडली. आतल्या पट्ट्यांची वरची टोकं कोरडी पडली होती. "पाणी मागतेय ही!" ते ओरडले. उद्धवरावांना फार बरं वाटलं. पाण्याची त्यांना ददात नव्हती. त्यांनी खिडकीतून हात घालून पवनेचा एक तांब्या भरला आणि ओतायला निघाले, तसे रंगराव मधे आडवे झाले.

"अहो, हे पाणी चालत नाही! डिस्टिल्ड वॉटर लागतं! उकळून, वाफ करून, थेंब थेंब जमवलेलं!"

म्हणजे नदीत राहून पाणी विकत आणायचं. पण तसं पाणी कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतं, आणि तिथले साहेब भले होते. त्यांनी एक बाटली भरून दिली. उद्धवराव संध्याकाळी ती पिशवीत घालून फाटकाशी आले.

आता ते दारूबंदीचे दिवस होते. फाटकावरच्या हवालदाराने पिशवीत हात घातला. हातात बाटली आली. बाटलीत पाण्यासारखं काहीतरी.

"ये क्या है?"

"पानी."

"पानी?" हवालदार हसला. "बाबूजी, रोज शाम को पकड़ता हूँ, सब यही बोलते हैं. पी के दिखाओ."

उद्धवरावांच्या मागे सुटलेल्या पाळीची रांग थांबली होती. रांगेतल्या प्रत्येकाची हजेरी ते स्वतः मांडत. त्या सगळ्यांच्या देखत त्यांनी बाटली तोंडाला लावली आणि अर्धी प्यायली. चव कसलीच नव्हती. हवालदाराने त्यांच्या डोळ्यांत बघितलं, तोंडाचा वास घेतला, तरी त्याचं समाधान होईना. त्याने वरच्या साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, आधी काय झालं ते मी पाहिलेलं नाही, माझ्यासमोर प्या. उरलेली अर्धी त्यांच्यासमोर गेली. मग दोघांनी मान्य केलं की हे पाणीच होतं, आणि रिकामी बाटली मानाने परत केली.

दुसऱ्या दिवशी उद्धवरावांनी रीतसर अर्ज केला. त्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, त्यामुळे अर्जाची भाषा दरबारी होती. अर्जाला उत्तर आलं: पाणी कोणत्या प्रयोजनासाठी हवे? उद्धवरावांनी लिहिलं, घरातील दिव्यासाठी. त्यावर शेरा आला: दिव्यात तेल घालतात, खुलासा करावा. खुलासा करायला वेळ नव्हता. रविवार जवळ येत होता. त्यांनी बॅटऱ्या कोंडाजीच्या गाडीत घातल्या आणि हमरस्त्यावर बबनरावांच्या गॅरेजात नेल्या.

बबनरावांकडे काचेची एक पिचकारी होती. ती बॅटरीत बुडवून आतलं तेजाब वर ओढायचं आणि त्यात तरंगणारी नळी किती वर येते ते बघायचं. बबनरावांनी पिचकारी उजेडात धरली, एक डोळा मिटला आणि मग डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"गेली," ते म्हणाले.

"कोणती?"

"दोन्ही. आधी ही गेली. मग ही. जोडीनं काम करतात ना, एक गेली की दुसरी फार दिवस काढत नाही." त्यांचा आवाज असा झाला होता, की कोंडाजीने नकळत मुंडासं सारखं केलं. "तुम्ही फार त्रास नका करून घेऊ, उद्धवराव. वय झालं होतं. पुण्याला जा, नव्या घ्या."

शुक्रवारी रजा टाकून उद्धवराव पुण्याला गेले. जाताना त्यांनी धोतर चांगलं नेसलं. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं, रुंद काठाचं. पेठेतल्या दुकानदाराने आपल्याला ऐरागैरा समजू नये हा हेतू. दुकानदार जाड भिंगांचा चष्मा लावून पावती पुस्तक उघडून बसला होता.

"गाडी कोणती?"

"गाडी नाही. नाव आहे."

"हं, सांगा."

"काय?"

"नाव."

"तेच सांगतोय. नाव."

"अहो, तुमचं नव्हे. गाडीचं."

"गाडीचं नाव नाही. गाडीच नाही. नाव आहे."

दुकानदाराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे पाहा, नाव आहे म्हणता आणि सांगत नाही. मग मी पावतीवर काय लिहू?"

"होडी!" उद्धवराव इतक्या मोठ्यानं ओरडले, की रस्त्यावरचा एक टांगेवाला थांबला. "होडी! बोट! पाण्यावर चालते ती! चालत नाही, उभी असते! त्यात आम्ही राहतो!"

"मग आधीच होडी म्हणायचं," दुकानदार शांतपणे म्हणाला. "आता, गॅरंटी हवी असेल तर नोंदणीचा नंबर लागेल."

"होडीला नंबर नाही."

"बरं, मग राहण्याचा पत्ता."

"पवना नदी."

"नदीत कुठे?"

"दोर ताणला जाईल तिथपर्यंत."

मग दुकानदाराने मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: श्री. उद्धवराव, पवना नदी, करंजाच्या झाडाखाली, चिंचवडच्या वरच्या अंगास. गॅरंटीचा रकाना मात्र त्याने आडवी रेघ मारून बंद केला. वाहत्या पत्त्याला गॅरंटी देता येत नाही, असं तो म्हणाला, आणि त्याचं चुकलं असं उद्धवरावांना मनापासून म्हणता येईना.

परतीच्या गाडीत एक बॅटरी बाकाखाली मावली. दुसऱ्या जागेवर कोंबड्यांची टोपली होती. म्हणून दुसरी बॅटरी उद्धवरावांनी मांडीवर घेतली आणि चिंचवडपर्यंत लेकरासारखी सांभाळत आणली. समोरच्या बाई कौतुकाने बघत होत्या. घरी आल्यावर धोतर धुवायला टाकलं. कौशल्याबाईंनी पिळून झटकलं आणि उजेडाकडे धरलं, तर पलीकडचा काठ, काठावरची म्हैस आणि म्हशीवरचा बगळा असं सगळं धोतरातून दिसलं.

"बाबांनी दिलेलं," एवढंच त्या म्हणाल्या.

नव्या बॅटऱ्या नावेत चढवायला रंगराव जातीने हजर होते. फळीवरून बॅटरी नेली तर फळी मोडेल, ती दोराने ओढून घेतली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. दोर एकच होता, आणि तो बोटीला झाडाशी धरून होता. रंगरावांनी तो सोडला. जोपर्यंत बॅटऱ्या चढत होत्या तोपर्यंत उद्धवराव काठालगतच्या कमरेइतक्या पाण्यात उभे राहून आपलं घर दोन्ही हातांनी धरून होते. काम झाल्यावर रंगरावांनी दोर पुन्हा झाडाला बांधला.

"ही मिलिटरी गाठ आहे," ते म्हणाले. "ही सुटत नाही. कापावी लागते."

दिवे लागले. काय लागले! खोलीतले कोपरे, जे कौशल्याबाईंनी कधी नीट पाहिले नव्हते, ते दिसले आणि त्यांनी लगेच झाडू घेतला. काठावर कोंडाजीची पोरं ओरडत नाचली. उद्धवराव त्या रात्री निर्धास्त झोपले.

शनिवारी पहाटे त्यांनी बटण खाली केलं. विडीचं टोक.

रंगरावांनी निरोप पाठवला की दुकानदाराने फसवलं. बबनरावांनी सांगितलं की पुण्याचा माल म्हणजे असाच. गोजाबाईने विचारलं, दुसरी गोधडी देऊ का? उद्धवराव नावेच्या टोकावर पाय सोडून बसले. उद्या सासरे येणार. लेकीला घेऊन जाणार. ती परत येणार नाही. बाळ बीडला रांगेल, बीडला चालेल, आणि आपण या डोहात, अंधारात, हजेरीपत्रक मांडत म्हातारे होऊ.

"अहो," आतून कौशल्याबाई म्हणाल्या. "ही खुंटी कोमट का लागते?"

ती खुंटी म्हणजे एक लांब खिळा. सासऱ्यांचा फेटा ठेवायला जागा हवी म्हणून उद्धवरावांनी तो मोठ्या अगत्याने फळीत ठोकला होता.

"खिळा आहे तो. कोमट कसा लागेल?"

"तुमचा पंचा वाळत घालते ना मी इथं, तर आधी खिळ्याभोवतीच वाळतो. बाकीचा ओला असतो. रोज बघते."

लोखंड आणि उष्णता यांच्याविषयी थोडक्यात समजावून सांगावं, म्हणून उद्धवराव उठले आणि खिळ्याला हात लावला. खिळा खरंच कोमट होता. पक्कड आणून त्यांनी खिळा उपसला. चर्र झालं, एक ठिणगी पडली आणि खिळ्याच्या मागोमाग तांब्याची हिरवी भुकटी बाहेर आली. फळीच्या मागून दिव्याच्या दोन्ही तारा गेल्या होत्या, आणि खिळा बरोबर दोन्हींच्या मधून. ओल्या फळीतून रात्रंदिवस वीज झिरपत होती. खिळा कधी ठोकला होता ते उद्धवरावांना चांगलं आठवत होतं. दिवे पिवळे पडायला लागले त्याच्याच आदल्या दिवशी.

म्हणजे त्या जुन्या बॅटऱ्या वय होऊन गेल्या नव्हत्या.

उद्धवराव हातात खिळा घेऊन खाली बसले. कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. हसू आवरायला त्यांना पदर तोंडात धरावा लागला, आणि सातव्या महिन्यात इतकं हसणं बरं नव्हे म्हणून भिंतीला टेकावं लागलं.

"रंगरावांना सांगू नकोस," उद्धवराव म्हणाले.

"मग चिंच आणा. शेरभर."

तारा चिकटपट्टीने नीट गुंडाळल्या. बॅटऱ्या दिवसभर बबनरावांकडे भरल्या. रविवारी दुपारी त्या परत आल्या, आणि संध्याकाळी अर्जुनराव आले.

पांढरा फेटा, हातात काठी, खांद्याला लेकीसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा. ते काठावर उभे राहिले आणि पाण्याकडे बघत राहिले. जावयाने हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. काठी टेकत फळीवरून आत आले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्याकडे नखशिखांत बघितलं.

"सुकलीस."

"नाही हो बाबा. उलट जाड झालेय."

अर्जुनराव बसले. काठीने जमीन ठोकून पाहिली. "खाली पानी किती हाय?"

"इथे दोन पुरुष खोल असेल," उद्धवराव म्हणाले.

"दोन पुरुष," अर्जुनराव स्वतःशीच म्हणाले. "आन् हे येवढं पानी कुणाच्याच मालकीचं न्हाई?"

अंधार पडायला लागला होता. कोंडाजी, गोजाबाई, वस्तीतली माणसं, रंगराव, सगळे काठावर जमले होते. उद्धवरावांनी नवऱ्या मुलासारखा चेहरा करून बटण खाली केलं. चारही दिवे लागले. एकेका दिव्याकडे अर्जुनरावांनी मान वळवून पाहिलं. मग त्या उजेडात लेकीच्या तोंडाकडे बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिले.

वस्तीतल्या माणसांना मात्र दम निघेना. एक जण फळीवर चढला, त्याच्यामागे सगळे. गोजाबाईला आपली गोधडी जिथे गेली ती जागा बघायची होती. बोट कललेली पाहून उद्धवरावांनी हात जोडले, "उतरा हो, उतरा, वजन होतंय!" तेव्हा ती सज्जन माणसं सगळी एकदमच उतरली. पोटातलं ओझं गेल्यासारखी बोट वर उसळली, फळी पाण्यात पडली, दोराला हिसका बसला, आणि मिलिटरी गाठ सुटली. कापावी वगैरे लागली नाही.

दसरा नुकताच झाला होता. नदीला ओढ होती. करंजाचं झाड सावकाश मागे जायला लागलं. रंगराव काठाने धावत सुटले आणि लष्करी आवाजात हुकूम देऊ लागले: "डावीकडे घ्या! नांगर टाका!" नांगर नव्हता. वल्हं होतं, पण ते काठावर धुणं वाळत घालायला रोवलेलं होतं.

"निघाली का?" अर्जुनराव म्हणाले. "कुठं चाललाव?"

उद्धवरावांनी मागे जाणाऱ्या झाडाकडे पाहिलं. दोर सुटला म्हणावं, तर लेक उद्याच बीडला. "जरा… चिंचवडपर्यंत," ते म्हणाले. "तुम्हाला फिरवून आणावं म्हटलं."

"बरं," म्हणून अर्जुनराव पुढच्या टोकावर जाऊन बसले.

उद्धवरावांनी हाताला लागला तो झाडू घेतला आणि मागे उभे राहून पाण्यात फिरवायला लागले. झाडूने नाव वळत नाही, हे त्यांना त्या रात्री पहिल्यांदा कळलं. कौशल्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे, एकदा वडिलांच्या पाठीकडे पाहिलं आणि लाडवाचा डबा उघडला.

नदीवर वारा पडला होता. पाण्यात चार दिव्यांच्या लांबच लांब पिवळ्या पट्ट्या पडल्या होत्या आणि त्या बोटीबरोबर चालत होत्या. काठावर गुरं घेऊन परतणारा एक माणूस गुरांसकट उभा राहिला. पाण्याला आलेल्या बायका हंडे खाली ठेवून बघायला लागल्या. कुणीतरी हात जोडले. बातमी काठाकाठाने पुढे पळाली असावी, कारण चिंचवडच्या घाटाशी आरती आटपून माणसं पायऱ्यांवर येऊन उभी होती. तिथे बोटीचं बूड वाळूला घासलं, कर्र आवाज झाला आणि बिऱ्हाड थांबलं.

पायऱ्यांवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शेवटी विचारलं, "काय हो, हे काय आहे? कुणाचं?"

उद्धवरावांच्या हातात झाडू होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी अर्जुनराव काठी टेकून उभे राहिले.

"माझ्या लेकीचं घर हाय," ते म्हणाले. "इलेक्ट्रिकचं."

सकाळी कोंडाजी बैलजोडी घेऊन घाटावर आला. बोटीला दोर लावायचा आणि बैल काठाने चालवत तिला वर ओढत न्यायचं, असं ठरलं. उद्धवराव दोर बांधत असताना अर्जुनराव त्यांच्याजवळ येऊन बसले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "जावईबापू, काल दोर सुटला व्हता न्हव?"

उद्धवरावांनी मान खाली घातली. "हो."

"मला वाटलंच. झाडूनं कुणी नाव चालिवतं व्हय?" मग त्यांनी चंची काढली आणि पान जमवायला घेतलं. "बाळंतपन होऊ द्या. दोन म्हयने हाताखाली ठिवतो, आन् मीच आनून सोडतो. माघारी जायाच्या आधी चार दिस ऱ्हाईन म्हणतो. झोप चांगली लागती हितं."

बैल चालायला लागले. उन्हं वर आली होती. चारही दिवे रात्रीपासून तसेच जळत होते. गडबडीत कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. उद्धवराव बटणाकडे धावले.

"राहू द्या," अर्जुनराव म्हणाले.

"बॅटरी उतरेल हो."

"उतरू द्या. काल अर्ध्या लोकांनी बघितलं न्हाई."

मग ते पुढच्या टोकावर फेटा बांधून उभे राहिले. बोट बैलांच्या चालीने वर निघाली. काठाने पोरं पळत होती, धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघत होत्या. भर उन्हात दिवे लांबून दिसत नव्हते. ज्यांना दिसत नव्हते त्यांना अर्जुनराव काठीने दाखवत होते: तो बघा, तो एक. आन् तो आतल्या अंगाला, लेकीच्या डोक्यावर, तो दुसरा.